वीतभर पाण्यातली नदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

फिशटँक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. दवाखान्यात किंवा हॉटेलच्या काउंटरशेजारी उभी असलेली उंच, अरुंद काचेची पेटी, तळाला निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा एखादा पाणबुड्या आणि त्यात गोल गोल फिरणारे दोन बिचारे गोल्डफिश. मी आज ज्या टाकीची बाजू मांडणार आहे ती याच्या अगदी उलट आहे. ती उभी नाही, आडवी आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि उंचीला फक्त एक फूट. तळाला दोन इंच माती-रेती, वर आठ इंच पाणी, आणि काठापर्यंत दोन इंच मोकळी जागा. म्हणजे माझ्या हाताने मोजलं तर पाणी जेमतेम वीतभर. त्या वीतभर पाण्यात खऱ्या वनस्पती आणि दीड-दोन इंचांचे पंधरा-सोळा मासे.

उथळ हा शब्द आपल्या भाषेत थोडा बदनामच आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून आपण त्याला मोडीत काढतो. विचार खोल हवेत, डोळे खोल हवेत, विहीर तर खोल हवीच. पण आपल्याकडच्या जुन्या माणसांनी उथळ पाण्यालाही मान दिला होता. मशिदीतला हौद आठवा. माणसांना काठावर बसून वजू करता यावी म्हणून तो लांबरुंद बांधतात, आणि कितीतरी हौदांत मासे असतात. मुंबईच्या जामा मशिदीखालच्या जुन्या तलावातही मासे आणि कासवं आहेत. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. तिच्यासमोरचा लांबट हौद माशांसाठी प्रसिद्ध आहे. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या नळांतून पाणी आणून तो भरलेला. गंमत म्हणजे त्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत. पाणी पसरून ठेवलं, रचून ठेवलं नाही, म्हणून ते छतावर पेललं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला धडा कोणता?

हिशेबच करू. माझ्या मापाच्या टाकीत चार घनफूट, म्हणजे सुमारे ११३ लीटर पाणी मावतं. त्याचं वजन तेवढेच किलो. त्यात काच, ओली माती-रेती, दगड आणि लोखंडी स्टँड धरला तर सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखतात. म्हणून अशी टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, तुळईच्या जवळ हवी, आणि बाल्कनीच्या लोंबत्या स्लॅबवर तर नकोच. स्टँडवर आधी थर्माकोलची अर्धा इंची शीट टाका, म्हणजे बारीकसा उंचसखलपणा काचेला बोचत नाही. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, खोलीवर ठरतो. त्यामुळे उथळ टाकीच्या काचेवर ताण कमी येतो. तरीही चार फुटांच्या लांबीत काच मधे फुगू पाहते, म्हणून आठ मिलिमीटरची काच घ्यावी आणि वरच्या कडेला आडवी पट्टी मारून घ्यावी.

आता दुसरा हिशेब, मला सर्वांत आवडणारा. तेवढंच चार घनफूट पाणी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीतही मावेल. पण तिथे पाण्याचं हवेला उघडं असलेलं अंग फक्त दोन चौरस फूट. आडव्या टाकीत ते सहा चौरस फूट, म्हणजे तिप्पट. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो आणि तो बहुतेक या अंगातूनच पाण्यात उतरतो. आमच्याकडे गुरुवार हा औद्योगिक सुट्टीचा आणि विजेच्या दुरुस्तीचा वार. पंप तीन-चार तास बंद राहिला तर उंच, गच्च भरलेल्या टाकीतले मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. पसरट टाकीत माफक मासे असतील तर ते मजेत असतात. शिवाय मासा आडवा पोहणारा प्राणी. त्याला लांबी हवी, मजले नकोत. मजले आपल्याला लागतात.

मी पुनावळ्यात राहतो. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हा इथे शेतं होती, विहिरी होत्या. आज महामार्गाच्या दोन्ही अंगांना टोलेजंग इमारती आहेत. पवना नदी इथून अगदी जवळ आहे. पलीकडे रावेतचा बंधारा, जिथून शहरासाठी पाणी उचललं जातं. पण आमच्या सोसायटीतल्या मुलांना पवनेतल्या एका माशाचं नाव विचारा. निमो सांगतील, डोरी सांगतील.

आणि ही नावं साधीसुधी नाहीत बरं का. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या मुलखात फिरला. इथल्या नद्यांतले मासे त्याने अभ्यासले आणि १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे त्यांची वर्णनं प्रसिद्ध झाली. नावं देताना त्याने इथल्या माणसांच्या तोंडचे शब्दच लॅटिनच्या शेजारी बसवले. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत महाशीराच्या एका जातीचं नाव ‘टॉर खुद्री’ आहे, दगडाला चिकटून राहणाऱ्या माशाचं ‘गारा मुल्या’ आहे, आणि मिशावाल्या शिंगटीचं ‘मिस्टस सींगटी’ आहे. ‘नुक्ता’ नावाचाही एक मासा आहे, तोंडावर उंचवटा असलेला. उर्दू अक्षरांवरचे-खालचे नुक्ते गिरवत वाढलेल्या माझ्या कानाला ते नाव लगेच ओळखीचं वाटलं. आपल्या बोलीतला शब्द जगाच्या शास्त्रात जाऊन बसला, आणि त्याच गावातल्या घरांतून तो पुसला गेला. हा नुक्ता आता धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. शब्द आणि मासा, दोघं एकाच वेळी पातळ होत चालले आहेत.

घरात टाकी मांडायची ती याच कारणासाठी. शोभेची वस्तू म्हणून नाही, तर नदी म्हणजे काय याची रोजची उजळणी म्हणून.

तर मांडणी कशी करायची? टाकी जागेवर ठेवल्यावर तळाला इंचभर चाळलेली साधी लाल माती पसरा. तिच्यात शेणखत किंवा रासायनिक खत अजिबात नको, ते पाण्यात कुजतं आणि विष तयार होतं. त्यावर इंचभर जाडीचा, दोन-तीन मिलिमीटर दाण्याच्या रेतीचा थर. ही रेती बादलीत घालून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. दगड कुठले? आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही. संगमरवराचे तुकडे आणि शंख-शिंपले मात्र पाणी जड करत राहतात. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर तो दगड टाकीत नको.

मग रोपं. आधी रेती भिजेल इतकंच पाणी घालून रोपं लावायची आणि तळाला ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू धार सोडत टाकी भरायची. मागच्या बाजूला वॅलिसनेरिया, रिबिनीसारख्या लांब पानांची. उथळ पाण्यात तिची पानं वर येऊन पृष्ठभागावर आडवी पसरतात आणि ओढ्यासारखा भास होतो. मधे क्रिप्टोकोरायन. तिच्या काही जाती आपल्या कोकणातल्या आणि घाटातल्या ओढ्यांत उगवतात. कोपऱ्यात नीरब्राह्मी. आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी मूठभर हायड्रिला, जी झपाट्याने वाढून पाण्यातला कस शोषून घेते आणि शेवाळाला उपाशी ठेवते. आमच्याकडचं टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं, पण वॅलिसनेरिया आणि हायड्रिला यांना ते मानवतं. उथळ टाकीचा इथेही फायदा. दिव्याचा उजेड तळापर्यंत सहज पोचतो. साधी एलईडी पट्टी दिवसाला सात-आठ तास पुरते. त्याहून जास्त उजेड दिला तर रोपांऐवजी शेवाळ माजतं. थेट ऊन पडणारी खिडकीही टाळावी.

रोपं विकत घ्या, मित्रांकडून घ्या, पण डोंगरावरून उपटून आणू नका. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात खडकावर साचणारी डबकी म्हणजे निसर्गाने मांडलेली उथळ टाकीच. तिथे वायतुरा फुलतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आणि सह्याद्रीबाहेर तो रानात आढळत नाही. तो तिथेच शोभतो. तुमच्या काचेत महिनाभरात कुजून जाईल.

विजेच्या तारेबद्दल एक सूचना. प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. आणि टाकीत हात घालण्याआधी बटण बंद.

यानंतर सर्वांत अवघड काम, ते म्हणजे वाट पाहणं. टाकी भरली की त्याच संध्याकाळी पिशवीतून मासे आणण्याची घाई सगळ्यांना असते. मासे जी घाण टाकतात तिच्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. पाण्यात, रेतीत, फिल्टरच्या स्पंजावर एक प्रकारचे जिवाणू हळूहळू वस्ती करतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि रोपांना खत म्हणून चालतं. ही सगळी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं, कारण त्या अदृश्य पाहुण्यांनाही जेवण लागतं. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा संच मिळतो. दोन्ही शून्यावर आले की समजायचं, घर राहण्याजोगं झालं. गझलेत दोन ओळींमधली मोकळी जागा जे काम करते, तेच हे सहा आठवडे करतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना आणि या जिवाणूंनाही मारतं. पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन सांगितलेल्या प्रमाणात घाला. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी टाकीत ओतू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात. उन्हाळ्यात पसरट टाकीतून रोज लीटर-दीड लीटर पाणी सहज उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून नुसती भर घालत राहणं पुरेसं नाही. आठवड्याला एक बादली जुनं पाणी काढून एक बादली नवं घालायला हवं. वर काचेचं झाकण ठेवलं तर पाणी कमी उडतं आणि मासेही बाहेर उडी मारत नाहीत.

मासे कोणते? माझी पसंती झेब्रा माशाला. आपल्या उपखंडातलाच, निळ्या पट्ट्यांचा, सतत धावणारा. दहा-बाराचा थवा आणला की चार फुटांची लांबी सार्थकी लागते. या बोटभर माशाची जनुकं जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासली जातात. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं, की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्याकडे जोड सापडते. सोबत हनी गुरामीची एक जोडी ठेवता येईल. तीही भारत-बांगलादेशाकडची, शांत, आणि पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेणारी. पहिल्या आठवड्यात पाच-सहाच मासे आणा, पंधरवड्याने आणखी. सगळे पैदास केलेले घ्या. आपल्या पश्चिम घाटातला पट्टेरी बोटिया दुकानात देखणा दिसतो, पण तो धोक्यात आलेला आहे आणि विकायला येणारे बरेचसे नदीतून पकडलेले असतात. तो ओढ्यातच असू द्या.

एकदा टँकरची वाट पाहत आम्ही सगळे सोसायटीच्या फाटकाशी उभे होतो. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही माशांना पाजता होय?” सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. त्याआधी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचं पाणी बंद नळातून शहराला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले होते. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई होती. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याची अशी किंमत कुणीतरी मोजलेली आहे. मग काचेत ११३ लीटर पाणी ठेवण्याचा हक्क मला कोणी दिला?

वहिनींना मी आधी बादलीचा हिशेब दिला. टाकी एकदाच भरते. नंतर आठवड्याला जाते ती एक बादली, म्हणजे संडासातले दोन-तीन फ्लश. आणि ती बादलीही गटारात जात नाही. तिच्यात नायट्रेट असतं, म्हणून ती आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जाते. वाहत्या नदीकाठी बसून वजू केली तरी पाणी उधळू नये, हे आम्ही लहानपणी ऐकलं. टाकीमुळे ते रोज मोजून पाळावं लागतं.

पण हिशेबापेक्षा मोठं उत्तर वेगळं आहे. टाकीत एक दिवस खाद्य जास्त पडलं की काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. न खाल्लेले कण तळाला कुजतात. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, अमोनिया वाढतो, पाणी गढुळतं, मासे वर येऊन धापा टाकतात. आता पवनेकडे पाहा. थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर पांढराशुभ्र फेस तरंगल्याची छायाचित्रं आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. पवनेत, इंद्रायणीत मेलेले मासे वर आल्याच्या बातम्या वाचल्या आहेत. उन्हाळ्यात जलपर्णी नदी झाकून टाकते. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी म्हणजे नदीला रोज घातलेला न पचणारा घास, आणि जलपर्णी म्हणजे त्या घासावर पोसलेली हिरवी सूज. रसायन तेच, फक्त भांडं मोठं. ज्या मुलाने घरातल्या टाकीत चिमूट मोजून खाद्य टाकलं आहे, त्याला नदी का मरते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणूनच शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कंटाळा आला, बदली झाली, मासे वाढले, तरी टाकीतला मासा किंवा रोप नदीत सोडायचं नाही. माणसं दयेपोटी सोडतात. “जगेल बिचारा,” म्हणतात. काच साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुकानात तो बोटाएवढा असतो, पुढे फूटभर वाढतो. आता तो भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या काट्यांनी जाळी मात्र फाटतात. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत थांबते. पुनावळ्यात दयेपोटी सोडलेला एक मासा असा कुणाच्या तरी पोटावर येतो. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. रोपं उन्हात कडक वाळवून कुंडीत टाका.

टाकी मांडून झाली, मासे रुळले, की दिवसातून दहा मिनिटं तिच्यासमोर नुसतं बसा. मोबाइल बाजूला ठेवून. थवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, वळतो, परत येतो. मुलं शेजारी येऊन बसली तर त्यांना खुद्री, मुल्या, सींगटी, नुक्ता ही नावं मोठ्याने सांगा. आणि एखाद्या रविवारी त्यांना बंधाऱ्यावर घेऊन जा. घरातल्या काचेतलं पाणी आणि तिथलं पाणी यांत काय फरक आहे, तो त्यांचा त्यांना दिसू द्या. त्यानंतर ती जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं मात्र आपल्याला द्यावी लागतील.